गिलाव्याआड

३० सप्टेंबर १९९३. गणपतींचे विसर्जन करून किल्लारी आणि आसपासची गावे झोपली होती. पहाटे चारला काही मिनिटे उरली असताना जमीन हलली आणि आठ ते दहा हजारांच्या दरम्यान माणसे गेली. बहुतेक जण स्वतःच्याच घराखाली दबले. ती घरे मराठवाड्याच्या उन्हाळ्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या पारखलेली होती. दोन-दोन, कुठे तीन-तीन फूट जाडीच्या दगडी भिंती, वर लाकडी तुळया आणि त्यांच्यावर मातीचे जाड माळवद. मे महिन्यात बाहेर रान पेटल्यासारखे असले, तरी आत पाठ टेकता येई. पण भिंतीचा दगड मातीत बसवलेला होता. आतला थर आणि बाहेरचा थर यांना एकमेकांत गुंतवणारे आरपार दगड क्वचितच घातलेले होते. धक्का बसताच एका भिंतीच्या दोन भिंती झाल्या, त्या दोन बाजूंना कलंडल्या आणि माळवदाचा सगळा भार खाली आला.

त्यानंतर पुनर्वसन झाले आणि ५२ गावे नव्या जागी वसली. नवी घरे काँक्रीटची, आखीव आणि भूकंपाचा विचार करून बांधलेली होती. त्यांत राहायला गेलेल्या अनेकांची तक्रार मात्र एकच होती, की उन्हाळ्यात आत बसवत नाही. लोकांनी अंगणात पत्र्याची छपरे टाकली आणि रात्री बाहेर बाजा मांडल्या. आधीच्या घराने ऊन अडवले होते, पण भूकंपात जीव घेतला. नव्या घरात जीव सुरक्षित होता, आणि भर दुपारी त्याच घरातून बाहेर पडावे लागत होते.

बांधकामाच्या नियमांचा विचार करायचा तर मला तो इथूनच सुरू करावासा वाटतो. घर पडू नये आणि घर तापू नये, या दोन्ही गोष्टींचा निकाल त्याच भिंतीत आणि त्याच छतात लागतो. आपण मात्र त्यांचे नियम वेगवेगळ्या पुस्तकांत लिहिले, वेगवेगळ्या खात्यांकडे सोपवले, आणि दोन्ही पाळले जातात की नाही हे पाहणारा माणूस साइटवर ठेवलाच नाही.

मुंबईत बांधकामाच्या नियमांना धार आली ती इमारत कोसळल्यामुळे नव्हे, रोगामुळे. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात प्लेगचा रुग्ण सापडला. तो ओळखणारे डॉक्टर अकासिओ व्हिएगस हे मूळचे गोव्याचे. साथ पसरली, लाखो लोक शहर सोडून गेले, आणि उजेड-वारा नसलेल्या कोंदट खोल्यांकडे सरकारला पाहावेच लागले. १८९८ मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. या ट्रस्टने एक साधा, भूमितीचा नियम पुढे आणला, तो साडेत्रेसष्ट अंशांचा. तळमजल्याच्या खोलीच्या भिंतीच्या पायथ्यापासून साडेत्रेसष्ट अंशात वर रेघ ओढली, तर ती समोरच्या इमारतीला न अडता आकाशाला भिडली पाहिजे. व्यवहारात याचा अर्थ असा, की समोरची इमारत दोन इमारतींमधल्या अंतराच्या दुपटीहून उंच नको. दहा फूट अंतर असेल तर वीस फूट उंची. मला हा आपल्याकडचा सर्वांत सुंदर नियम वाटतो. तो कोणालाही कळतो, दोरी आणि कोनमापक घेऊन कोणालाही तपासता येतो, आणि आरोग्य, उजेड व हवा या तिन्हींची काळजी एकाच रेघेत घेतो.

या रेघेचे पुढे काय झाले, हे गोवंडी-मानखुर्दच्या पुनर्वसन वसाहतींत दिसते. तिथे सात-सात मजली इमारतींमध्ये कुठे कुठे जेमतेम तीन मीटरचे अंतर ठेवले गेले. ट्रस्टच्या हिशेबाने तीन मीटरच्या फटीला सहा मीटर उंची, म्हणजे दोन मजले चालले असते. खालच्या मजल्यांवरच्या घरांत दिवसाही दिवा लावावा लागतो आणि तिथल्या क्षयरोगाचा संबंध उजेड-वाऱ्याच्या अभावाशी असल्याचे अभ्यासांतून पुढे आले आहे. या इमारती बेकायदा नाहीत, त्या नियमांत बसवलेल्या आहेत. आधी नियमच सैल केला आणि मग इमारत त्यात बसवली. मोकळ्या जागेतली तूट अधिमूल्य भरून माफ करून घेण्याची सोय आपल्या नियमावल्यांत वर्षानुवर्षे आहे. पैसे भरल्याने इमारतीत उजेड येत नाही.

आज एखादी इमारत उभी राहते तेव्हा तिच्यावर किती नियमांचे छत्र असते, हे थोडक्यात पाहू. पाया आहे १९६६ चा महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम. त्याखाली विकास नियंत्रण नियमावल्या येतात. मुंबईला तिची स्वतंत्र नियमावली आहे, आणि बहुतेक उर्वरित राज्याला डिसेंबर २०२० पासून लागू झालेली एकत्रीकृत नियमावली. किती उंच, किती जागा सोडून, किती चटई क्षेत्र, हे त्या ठरवतात. इमारत कशी बांधायची हे मात्र राष्ट्रीय इमारत संहिता आणि भारतीय मानके सांगतात. ही संहिता पहिल्यांदा १९७० मध्ये आली आणि तिची अलीकडची मोठी सुधारणा २०१६ मधली आहे. संहिता स्वतःहून कायदा नाही, राज्याने वा महापालिकेने ती आपल्या नियमांत घेतली की तिला बळ येते. आगीसाठी राज्याचा २००६ चा वेगळा कायदा आहे, कामगारांसाठी वेगळा, विजेच्या बचतीसाठी केंद्राचा वेगळा. छत्र मोठे आहे, यात शंका नाही. नवी नियमावली आली की आपल्याकडे चर्चा मात्र एकाच कलमाची होते, चटई क्षेत्र किती वाढले याची. जिने, पाणी, भिंतीची जाडी, सळईचा वाक यांवर वर्तमानपत्रात अर्धा रकानाही खर्च होत नाही.

सळईच्या वाकाबद्दल थोडे थांबून लिहायला हवे, कारण माणसे तिथेच वाचतात किंवा मरतात. आरसीसी कॉलममध्ये उभ्या सळया असतात आणि त्यांना ठरावीक अंतरावर आडव्या रिंगा बांधलेल्या असतात. भूकंपात कॉलम दोन्ही दिशांना झुलतो, बाहेरचे काँक्रीट सुटून पडते आणि त्या क्षणी आतला गाभा फक्त रिंगांनी धरून ठेवलेला असतो. रिंगेची टोके नव्वद अंशात नुसती दुमडलेली असतील, तर ती उघडतात आणि गाभा फुटून बाहेर येतो. म्हणून आयएस १३९२० हे मानक सांगते की टोके १३५ अंशांत वळवून गाभ्याच्या आत रुतवा. नव्वद अंशांची रिंग वाकवायला आणि बसवायला सोपी. दिवसाला शेकडो रिंगा वळवणाऱ्या फिटरचा त्यात वेळ वाचतो, आणि ठेकेदार त्याला रोजच्या टनावर पैसे देतो. स्लॅब भरला, गिलावा झाला, रंग लागला की ती रिंग पुन्हा कोणालाही दिसत नाही. दिसते ती थेट ढिगाऱ्यात.

कव्हरचेही तसेच. सळईवर काँक्रीटचे आवरण किती हवे हे आयएस ४५६ सांगते. समुद्राकाठच्या हवेत ते ४५ मिलिमीटर आणि काँक्रीट निदान एम-३० प्रतीचे हवे. सळईखाली कव्हर ब्लॉक ठेवण्याऐवजी खडीचा एखादा खडा सरकवला, की खारी हवा दहा-पंधरा वर्षांत सळईपर्यंत पोचते, गंज फुगतो आणि स्लॅबचे पापुद्रे पडू लागतात. साध्या सिमेंटच्या काँक्रीटवर किमान सात दिवस, आणि राख किंवा स्लॅग मिसळलेल्या सिमेंटवर किंवा कोरड्या कडक उन्हाळ्यात दहा दिवस पाणी मारायचे, हाही नियमच आहे. मुंबईच्या उपनगरांत, वसई-विरारमध्ये, मुंब्र्यात वीस-पंचवीस वर्षांत म्हाताऱ्या झालेल्या इमारती मी पाहिल्या आहेत. त्यांचे आयुष्य बहुधा पहिल्या दहा दिवसांतच ठरून गेले होते.

२६ जानेवारी २००१ चा भूज भूकंप आठवा. केंद्रापासून दोनशे किलोमीटरहून दूर असलेल्या अहमदाबादमध्ये डझनावारी इमारती पडल्या. त्यांतल्या अनेक तळाशी पार्किंग असलेल्या होत्या. वरच्या मजल्यांना भिंतींचा आधार आणि खाली नुसते मोकळे खांब. अशा मऊ मजल्याचे खांब अडीचपट बळासाठी आखावेत, अशी तरतूद २००२ च्या सुधारित भूकंप मानकात ठळक झाली. त्याच सुधारणेत देशाच्या भूकंप-नकाशातला सर्वांत कमी धोक्याचा पहिला विभाग रद्द झाला. किल्लारी १९९३ साली त्याच पहिल्या विभागात होती. म्हणजे नकाशा चुकला होता, आणि तो दुरुस्त व्हायला नऊ वर्षे लागली. कोयनेच्या भूकंपाने तर १९६७ मध्येच बजावले होते, की दख्खनचा दगड स्थिर आहे असे मानून चालणार नाही.

इमारतींच्या कोसळण्याचा आपला अलीकडचा इतिहास पाहिला, तर प्रत्येक घटना वेगळ्या दारातून आलेली दिसते. ४ एप्रिल २०१३ ला शिळफाट्याजवळची लकी कंपाउंडमधली इमारत पडून ७४ जण गेले. ती पूर्णपणे बेकायदा, परवानगीशिवाय चढवलेली, आणि वरचा मजला बांधला जात असतानाच खाली माणसे राहत होती. त्याच वर्षी सप्टेंबरात मुंबईत डॉकयार्ड रोडला महापालिकेच्याच मालकीची इमारत पडली आणि ६१ जण गेले. २५ जुलै २०१७ ला घाटकोपरमध्ये १७ जण गेले. तिथे तळमजल्यावर चाललेल्या फेरफारांकडे बोट दाखवले गेले. २४ ऑगस्ट २०२० ला महाडमध्ये जेमतेम दशकभर वयाची पाच मजली इमारत पत्त्यांसारखी बसली, १६ जण गेले. एक बेकायदा, एक सरकारी, एक बदललेली, एक नवी. पडझड म्हटले की आपल्याकडे मोडकळीस आलेल्या जुन्या चाळींवरच बोट ठेवले जाते. महाडने तो समज खोडून काढला.

परवानगीची पद्धत मुळात नकाशा तपासण्यासाठी रचलेली आहे. वास्तुविशारद आराखडा दाखल करतो, बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र मिळते, जोत्यापर्यंत काम आले की तपासणी होते, आणि सगळे उरकल्यावर भोगवटा प्रमाणपत्र. जोते आणि भोगवटा यांच्यामध्ये इमारतीचे सगळे आयुष्य भरले जाते. त्या काळात पालिकेच्या वतीने सळई मोजणारा कोणी नसतो. संरचना अभियंता सही करून जबाबदारी घेतो, पण त्याचे पैसे बिल्डर देतो, आणि भरणीच्या दिवशी तो साइटवर असेलच असे नाही. काँक्रीटचे चौकोनी नमुने दाबून पाहणारी क्यूब टेस्ट होते, पण क्यूब कोणत्या काँक्रीटचे भरले हे क्यूबला माहीत नसते. आपण कागद तपासतो आणि इमारत सोडून देतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

आगीच्या बाबतीत कायदा तुलनेने शहाणा आहे. राज्याच्या २००६ च्या कायद्यानुसार इमारत पूर्ण झाल्यावरही दर सहा महिन्यांनी, जानेवारीत आणि जुलैत, परवानाधारक संस्थेकडून अग्निशमन यंत्रणा चालू असल्याचे प्रमाणपत्र द्यावे लागते. २९ डिसेंबर २०१७ ला मुंबईच्या कमला मिल्समध्ये गच्चीवरच्या उपाहारगृहातल्या आगीत १४ माणसे गेली, तेव्हा राज्यात हा कायदा होताच. नळी, पंप, पर्यायी जिना या गोष्टी रोजच्या वापरातल्या नसल्याने त्या सहज अडगळीत जातात. आपल्या सोसायटीतल्या जिन्यात सायकली, जुने कपाट, कुंड्या ठेवलेल्या असतात. सुटकेचा मार्ग आधी आपणच बंद करतो.

आणि बांधणारे? २९ जून २०१९ ला पुण्याच्या कोंढव्यात पावसात संरक्षक भिंत पडली आणि लेबर कॅम्पच्या पत्र्यांखाली झोपलेली १५ माणसे गेली, त्यांत लहान मुलेही होती. १० सप्टेंबर २०२३ ला ठाण्यात बाळकुमला चाळीस मजली इमारतीची लिफ्ट कोसळून सात कामगार गेले. दीड मीटरहून खोल चर खणला तर त्याला उतार द्या किंवा आधार लावा, परांचीला कठडा हवा, उंचीवर पट्टा हवा, खोदकामाच्या काठाशी झोपड्या नकोत. यांतले काहीही नवे नाही. १९९६ पासून बांधकाम कामगारांसाठी वेगळा कायदा होता, बांधकाम खर्चाच्या एक टक्का उपकर जमा होत होता, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवी कामगार संहिता लागू झाली आहे. पण बिहार-झारखंडहून, मराठवाडा-विदर्भातून आलेला माणूस तीन महिन्यांनी दुसऱ्या साइटवर जातो, त्याचे नाव मुकादमाच्या वहीत असते आणि ती वही मुकादमासोबत जाते. सुरक्षेचा नियम लागू करायचा तर आधी तो माणूस तिथे आहे, याची नोंद लागते.

आता उष्णतेकडे. ऊर्जा संवर्धनाची इमारत संहिता २००७ मध्ये आली आणि २०१७ मध्ये सुधारली. ती मोठ्या व्यावसायिक इमारतींसाठी होती. शंभर किलोवॉट किंवा त्याहून जास्त जोडभार असलेल्या. घरांसाठी २०१८ मध्ये इको निवास संहिता आली. तिच्यात दोन आकडे आहेत, ते प्रत्येक घर घेणाऱ्याला माहीत हवेत. पहिला १५. बाहेरच्या भिंती आणि खिडक्या मिळून दर चौरस मीटरमागे सरासरी १५ वॉटपेक्षा जास्त उष्णता आत येऊ नये. दुसरा १.२. छताचा उष्णतावहनांक त्याहून जास्त नको. आपला नेहमीचा, सहा इंची, वर काहीच न केलेला स्लॅब याच्या तिपटीच्या आसपास असतो. वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांना हा आकडा सांगावा लागत नाही, संध्याकाळी पंखा लावला की गरम वारा अंगावर येतो.

या संहितेतले उघडणाऱ्या खिडक्यांचे प्रमाण पाहून मला साडेत्रेसष्ट अंशांची आठवण झाली. मुंबई-कोकण-गोव्यासारख्या दमट प्रदेशात खोलीच्या क्षेत्रफळाच्या एक षष्ठांश उघडी खिडकी, नागपूरसारख्या संमिश्र हवेत एक अष्टमांश, सोलापूरसारख्या कोरड्या उष्ण भागात एक दशांश. म्हणजे जिथे घाम वाळवायचा तिथे वारा जास्त, जिथे लू अडवायची तिथे खिडकी लहान. कोकणातले चौफेर पडवीचे कौलारू घर आणि सोलापुरातला जाड भिंतींचा, लहान झरोक्यांचा वाडा हेच सांगत होते. सरकती काचेची खिडकी मात्र निम्मीच उघडते, हे नकाशात दिसत नाही. एक षष्ठांशाची ती प्रत्यक्षात एक द्वादशांश होते.

इथे किल्लारीचा पेच नव्या रूपात परत येतो. पुण्या-मुंबईच्या उंच इमारती आता ॲल्युमिनियमच्या साच्यात, ज्याला साइटवर मायवान म्हणतात, त्यात ओतल्या जातात. बाहेरच्या भिंतीही सहा-साडेसहा इंची सलग काँक्रीटच्या. भूकंपाच्या दृष्टीने अशा भिंती भक्कम. पण तीच भिंत नऊ इंची विटांच्या भिंतीपेक्षा जवळजवळ पावणेदोन पट आणि हलक्या एएसी ब्लॉकच्या भिंतीपेक्षा चार-पाच पट उष्णता आत सोडते. मग प्रत्येक खोलीत एसी लागतो, आणि त्याची बाहेरची पेटी शेजाऱ्याच्या खिडकीखाली गरम हवा फेकते. उपाय आहेत. पश्चिमेच्या भिंतीला बाहेरून उष्णतारोधक थर, खोल छज्जा, गच्चीवर पांढरा चायना मोझॅक किंवा थंड लेप, खिडकीवर बाहेरून पडदा. हे सगळे बांधतानाच केले तर स्वस्त. नंतर करायचे तर परांची बांधूनच करावे लागते.

उष्णतारोधक थर लावताना एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून पाहायला हवी. १४ जून २०१७ ला लंडनच्या ग्रेनफेल टॉवरमध्ये ७२ माणसे गेली. आदल्याच वर्षी त्या जुन्या इमारतीला बाहेरून उष्णतारोधक आवरण चढवले होते, घरे उबदार राहावीत आणि इंधन वाचावे म्हणून. ते आवरण ज्वलनशील होते आणि आग त्याच्यावरून वर चढत गेली. ऊर्जेचा नियम एका टेबलावर आणि आगीचा नियम दुसऱ्या टेबलावर तपासला गेला की काय होते, याचे याहून भीषण उदाहरण मला ठाऊक नाही. इंग्लंडने त्यानंतर १८ मीटरहून उंच निवासी इमारतींवर ज्वलनशील आवरणाला बंदी घातली आणि २०२२ च्या इमारत सुरक्षा कायद्याने उंच निवासी इमारतींसाठी टप्प्याटप्प्याचे अडसर आणले. आराखडा सुरक्षित असल्याची खात्री नियामकाला पटल्याशिवाय काम सुरू नाही, काम तपासल्याशिवाय राहायला परवानगी नाही, आणि इमारतीत काय घातले याची नोंद तिच्या आयुष्यभर सांभाळायची. हे आपल्याला परवडणार नाही असे ऐकू येते. पन्नास-साठ मजली इमारती परवडत असतील तर त्यांच्या सळया मोजणारा माणूसही परवडायला हवा.

माझ्या मते आपल्याला नव्या नियमांची फारशी गरज नाही. जे आहेत ते गिलाव्याआड जाण्याआधी पाहिले जावेत, एवढीच मागणी आहे. प्रत्येक स्लॅब भरण्याआधी बिल्डरकडून पैसे न घेणाऱ्या, पालिकेने चिठ्ठी टाकून नेमलेल्या अभियंत्याची तपासणी व्हावी. रिंगा, कव्हर, भिंतीतला उष्णतारोधक थर यांची छायाचित्रे तारखेसह नोंदली जावीत आणि ती घर घेणाऱ्याला मिळावीत. भोगवटा प्रमाणपत्रावर जसे चटई क्षेत्र लिहिलेले असते, तसाच इको निवास संहितेतला उष्णतेचा आकडाही लिहावा. २०१६ च्या रेरा कायद्याने ताबा दिल्यापासून पाच वर्षे संरचनेतल्या दोषाची जबाबदारी बिल्डरवर टाकली आहे. पण दोष दिसायलाच पंधरा वर्षे लागतात, तिथे पाच वर्षे अपुरी आहेत. आणि मुंबईत तीस वर्षांहून जुन्या इमारतींना जशी संरचना तपासणी सक्तीची आहे, तशी समुद्राकाठच्या गावांत ती वीस वर्षांनीच व्हायला हवी.

तोवर वाचकांना एवढेच सांगणे. तुमच्या इमारतीच्या कॉलम-बीमचे नकाशे सोसायटीच्या कपाटात आहेत का, ते या आठवड्यात पाहा. तळमजल्यावर कोणी भिंत पाडत असेल, तर ती नुसती भिंत आहे की खांबाला हात लागतो आहे, हे त्याच दिवशी विचारा. नकाशे सापडले नाहीत, तर महापालिकेकडे माहितीच्या अधिकारात अर्ज करून मागा. अर्जाचे शुल्क दहा रुपये आहे.